ऑटोमॅटिक घड्याळ कोण चालवते?

दादांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी वहिनींनी कपाटातला पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात दादांचा चष्मा होता, जुने पासपोर्ट होते आणि तळाशी रुमालात गुंडाळलेले सीको फाइव्ह घड्याळ होते. ते वर्षाहून अधिक काळ बंद पडून होते. वहिनींनी ते पदराने पुसले, उलटेसुलटे करून पाहिले आणि सेकंदाचा काटा चालू लागला. "भावजी, हे चालू झालं बघा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. खोलीतली माणसे बोलायची थांबली. आत्याने हात जोडले. दहाएक मिनिटांनी काटा पुन्हा थांबला, तेव्हा कुणीच काही बोलले नाही.

घड्याळ का चालले आणि का थांबले हे मला त्या वेळी माहीत होते. पण ती वेळ सांगण्याची नव्हती. पुढे आठ दिवसांनी पुण्याहून पुतण्याने एक खोके पाठवले. काळ्या रंगाचे, काचेच्या झाकणाचे, आत एक मऊ गादी आणि मागे विजेची वायर. घड्याळ त्या गादीला बांधायचे आणि बटण दाबायचे. गादी फिरत राहते आणि घड्याळ बंद पडत नाही. या यंत्राला वॉच वाइंडर म्हणतात. सोबत निरोप होता, "काका, बाबांचं घड्याळ आता कधी थांबू देऊ नका."

हे खोके लावावे की नाही, एवढाच खरे तर प्रश्न होता. पण त्याचे उत्तर द्यायचे तर आमच्या घरात आधी काय घडले होते, हेही सांगावे लागते.

दादा १९८४ साली इलेक्ट्रिशियन म्हणून दम्मामला गेले आणि पहिल्या सुटीत हे घड्याळ घालून परळीला आले. तबकडीवर वाराची एक छोटी खिडकी होती आणि त्यात वार इंग्रजीत किंवा अरबीत, हवा तसा ठेवता येई. आखाती देशांत विकल्या जाणाऱ्या या घड्याळांना तशी सोय असे. दादांनी तो अरबीतच ठेवला. तोवर आमच्या घरात एकच घड्याळ होते, वडिलांचे एचएमटी. बंगळुरूचा एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला आणि पुढची दोन-तीन दशके आमच्याकडे घड्याळ म्हणजे एचएमटी असाच अर्थ होता. वडील रोज आंघोळ झाली की देवपूजेला बसण्याआधी त्याला किल्ली देत. किल्ली द्यायची राहिली तर दुसऱ्या दिवशी घड्याळ बंद. दादांच्या घड्याळाला मात्र किल्ली द्यावी लागत नाही, याचे वडिलांना मोठे नवल. "आपोआप चालतं," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऑटोमॅटिक या शब्दाचा आम्ही सगळ्यांनी तोच अर्थ घेतला. त्या अर्थाने पुढे आमची फसवणूक केली.

चार वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणे महिन्याभरात बऱ्यापैकी सुधारले, उजवा हात तर पहिल्यासारखाच चालत होता. ते उजव्या हाताने जेवत, वर्तमानपत्र चाळत, मोबाइल बघत. घड्याळ नेहमीप्रमाणे डाव्या मनगटावर होते. वहिनी रोज आंघोळ घालून झाली की ते परत बांधत. आणि घड्याळ बंद पडू लागले. सकाळी चालू असायचे, रात्री थांबलेले. पुढे पुढे तर दुपारीच थांबायचे.

मी ते मोटारसायकलवरून घड्याळजीकडे नेले. दुकानात पोचलो तोवर ते चालू झाले होते आणि व्यवस्थित चालत होते. त्यांनी उघडून साफ केले, तेल दिले, दोन दिवस स्वतःच्या मनगटावर घालून पाहिले. मिनिटाचाही फरक नाही. घरी आणून दादांच्या हाताला बांधले, दुसऱ्या दिवशी बंद. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी आतला एक भागही बदलला. शेवटी दादाच म्हणाले, "राहू दे. त्याचंही माझ्यासारखंच झालंय." त्यानंतर घड्याळ डब्यात गेले. पुढच्या पावसाळ्यात दादा गेले.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी मी जुन्या बाजारातून मोडीच्या भावाने तसलेच एक घड्याळ आणले आणि टेबलावर उघडून बसलो. मी घड्याळजी नाही. यंत्रांबद्दल जे थोडेफार कळते ते असे उघडून आणि वाचून कळले आहे. मागचे झाकण निघाले आणि अर्ध्या भाकरीच्या आकाराचे एक जड धातूचे पान दिसले. घड्याळ तिरके केले की ते पान घसरून खालच्या बाजूला येई. ते पाहताच दादांच्या घड्याळाला काय झाले होते ते माझ्या ध्यानात आले.

घड्याळात शक्ती साठते ती कमानीत. एका छोट्या गोल डबीत पोलादाची लांब पातळ पट्टी गुंडाळलेली असते. ती घट्ट गुंडाळली की सुटू पाहते आणि सुटताना चाके फिरवते. ती एकदम सुटू नये, थोडी थोडी सुटावी, यासाठी बॅलन्स नावाचे चाक मागे-पुढे डोलत असते. सीको फाइव्हसारख्या घड्याळात ते तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा आणि दिवसाला पाच लाखांवर. पूर्ण भरलेली कमान साधारण ४० तास पुरते. किल्लीच्या घड्याळात ती आपण बोटांनी भरतो. ऑटोमॅटिक घड्याळात ती भरण्याचे काम त्या अर्ध्या भाकरीकडे, म्हणजे रोटरकडे असते.

रोटर मधोमध एका आसावर मोकळा फिरतो, पण त्याचे वजन एकाच बाजूला आहे. हात वर गेला, खाली आला, वळला की मनगटाबरोबर घड्याळ तिरके होते आणि रोटरचे वजन जमिनीकडे धाव घेते. त्या फिरण्याने कमान किंचित गुंडाळली जाते. अडचण अशी की रोटर दोन्ही दिशांना फिरतो आणि कमान मात्र एकाच दिशेने भरायची असते. सीकोने १९५९ साली यावर मॅजिक लिव्हर नावाची युक्ती काढली. एका कळीला दोन वाकडी बोटे असतात. रोटर कोणत्याही बाजूला फिरो, एक बोट दात्यांच्या चाकाला ढकलते किंवा दुसरे ओढते, आणि ते चाक दर वेळी एकाच दिशेने पुढे सरकते. काही घड्याळांत एवढीही यातायात नसते. रोटर एका दिशेने फिरला तर कमान भरते, दुसऱ्या दिशेने फिरला तर तो नुसताच फिरतो.

मग दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या हातावर कमान प्रमाणाबाहेर भरून तुटत कशी नाही? किल्लीच्या घड्याळात कमानीचे बाहेरचे टोक डबीला पक्के अडकवलेले असते, म्हणून बोटांना अडथळा लागला की आपण थांबतो. ऑटोमॅटिकमध्ये ते टोक नुसते दाबाने भिंतीला धरून असते. कमान पूर्ण भरली की ते थोडे घसरते आणि जास्तीचा ताण निघून जातो. रोटर फिरतच राहतो.

दादांच्या घड्याळाची आणखी एक गोष्ट होती. त्याची डोकी, म्हणजे किल्लीचे बटण, नेहमीच्या जागी नव्हती. चारच्या आकड्याजवळ, कडेत जवळजवळ लपलेली होती. १९६३ पासून आलेल्या सीको फाइव्ह मालिकेची ती खूणच आहे. रोज हात लावायची गरज नाही, म्हणून बटण बाजूला सारलेले. दादांच्या घड्याळात आणि तशा अनेक घड्याळांत त्या बटणाने काटे फिरतात, तारीख बदलते, पण कमान भरतच नाही. कमान भरण्याचा रस्ता एकच, हाताची हालचाल.

आता दादांच्या घड्याळाकडे परत बघू. डावा हात गादीवर पडून होता. सकाळी आंघोळ घालताना, कपडे बदलताना वहिनी तो उचलत, वळवत, तेवढीच कमान भरे. ती संपली की घड्याळ थांबे. दुकानात नेताना आमच्याकडच्या रस्त्यांनी त्या रोटरला इतके हलवले की पोचेपर्यंत ते चालू होई. घड्याळजींच्या मनगटावर ते उत्तम चालले, कारण घड्याळजींचा हात चालत होता. घड्याळात एकदाही बिघाड नव्हता. बिघाड कुठे होता ते घड्याळ रोज दाखवत होते आणि आम्ही घड्याळच दुरुस्त करत होतो. ते नुसते उजव्या मनगटावर बांधले असते तर चालले असते. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण ते आपोआप चालते अशीच आमची समजूत होती.

या समजुतीला जुनी परंपरा आहे. आपल्या ज्योतिषग्रंथांत तिला नावही आहे, स्वयंवह यंत्र. इसवी सन ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात ब्रह्मगुप्तांनी अशा चाकाचे वर्णन केले आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, त्या आऱ्यांत अर्धा पारा आणि तोंडे बंद. चाकाला गती दिली की पारा एका बाजूला आऱ्यांच्या टोकाकडे आणि दुसऱ्या बाजूला मध्याकडे वाहील आणि चाक फिरतच राहील, ही कल्पना. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायातल्या यंत्रांच्या प्रकरणात, तीच कल्पना आणखी फुलवली. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते चाळीसगावजवळचे पाटण असावे असे एक मत आहे. तिथला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. विज्जडविड म्हणजे आमचे बीड, असेही एक मत आहे. हा वाद सोडवण्याचा माझा अधिकार नाही, पण बीड जिल्ह्यात राहून स्वयंवह यंत्राबद्दल वाचताना ते मत आठवल्यावाचून राहत नाही.

पाऱ्याचे चाक प्रत्यक्षात फिरत राहत नाही. ज्या बाजूला पारा आसापासून लांब असतो, त्या बाजूला एका वेळी कमी आरे असतात. ज्या बाजूला तो आसाजवळ असतो, तिथे जास्त आरे असतात. लांबच्या थोड्या वजनाचा जोर आणि जवळच्या जास्त वजनाचा जोर यांची फिटंफाट होते आणि घर्षणाने चाक थांबते. मला विशेष वाटते ते भास्कराचार्यांच्या एका शेऱ्याचे. ज्या यंत्राला चालण्यासाठी बाहेरचा आधार लागतो, त्याला ते ग्राम्य म्हणतात. कारण ते सापेक्ष आहे. निरपेक्ष यंत्राचा त्यांचा शोध सफल होणारा नव्हता. पण यंत्र सापेक्ष आहे की निरपेक्ष, हा प्रश्न त्यांनी नेमका विचारला. आम्ही दादांच्या घड्याळाबद्दल तो विचारला नव्हता.

त्या काळी प्रत्यक्ष वेळ मोजली जाई ती सापेक्ष यंत्रानेच. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. अहोरात्रात अशा ६० घटका. पात्र बुडाले की कुणीतरी ते काढायचे, रिकामे करायचे, पुन्हा सोडायचे आणि टोला द्यायचा. घड्याळ हा शब्द त्या घटीतून आला. तास म्हणजेही मुळात टोले द्यायची धातूची थाळी. 'घटका भरली' आणि 'शेवटच्या घटका मोजणे' हे शब्द आपण अजून वापरतो. लीलावतीच्या लग्नाची दंतकथा सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या अलंकारातला मोती घटिकापात्रात पडला, छिद्र बुजले आणि पात्र बुडायची वाट बघताना मुहूर्त टळून गेला. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यात ती येते. इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण यंत्र चालू आहे असे धरून चालले की काय होते, एवढे तिच्यात नेमके आहे.

युरोपातही हीच ओढ होती. कायम आपोआप फिरणाऱ्या यंत्रांचे इतके दावे येऊ लागले की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली असले प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत असे ठरवून टाकले. गंमत म्हणजे त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावात अब्राम-लुई पेरले या घड्याळजीने चालणाऱ्या माणसाच्या खिशात आपोआप भरणारे घड्याळ केले. १७७७ साली जिनिव्हात त्याची नोंद झाली ती अशी की पंधरा मिनिटे चालले तर ते आठ दिवस चालते. पुढे ब्रेगे या थोर घड्याळजीने आपल्या अशा घड्याळांना नाव दिले 'पर्पेच्युएल', म्हणजे चिरंतन. अकादमीने दारातून घालवून दिलेला शब्द असा खिडकीतून आत आला.

खिशातली ही घड्याळे फारशी रुजली नाहीत. खिसा मनगटासारखा हलत नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी घड्याळ मनगटाला बांधायला सुरुवात केली आणि मग या कल्पनेला योग्य जागा मिळाली. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीला १९२४ साली स्वयंचलित मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळाले. बटणाच्या भोकातून धूळ आणि ओल आत जाते, म्हणून त्याने बटणच काढून टाकले. काटे लावायचे ते काचेभोवतीची कडा फिरवून. १९३१ साली रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर आणला आणि त्यालाही नाव दिले 'पर्पेच्युअल'. नाव चिरंतन, पण घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेवले की दोन दिवसांत बंद.

इथे वाइंडरचे काम सुरू होते. एकाच घड्याळाच्या माणसाला त्याची गरज नसते. चार-पाच ऑटोमॅटिक घड्याळे असलेल्या माणसाला मात्र एकच हात घड्याळाला देता येतो, बाकीची थांबतात. दुरुस्तीनंतर घड्याळ नीट भरते का हे पाहण्यासाठी घड्याळजी आणि कारखाने घड्याळे फिरवणारी यंत्रे वापरतातच. हौशी माणसांसाठी त्याचीच शोभिवंत पेटी झाली. त्यात गादी सतत फिरत नाही. काही वेढे घेते, मग थांबते. दिवसाला किती वेढे आणि कोणत्या दिशेने, हे दोन बटणांनी ठरवायचे. बहुतेक घड्याळांना ६५० ते ८०० वेढे पुरतात. दोन्ही दिशांनी भरणाऱ्या घड्याळाला कोणतीही दिशा चालते. एकाच दिशेने भरणाऱ्याला चुकीची दिशा दिली तर गादी दिवसभर फिरेल आणि घड्याळ तरीही बंद पडेल. वेढे गरजेपेक्षा फार ठेवले तर कमानीचे टोक सारखे घसरत राहते आणि ती डबी विनाकारण झिजते.

वाइंडरची खरी गरज लागते ती कायमचे कॅलेंडर असलेल्या महागड्या घड्याळांना. तीस आणि एकतीस दिवसांचे महिने, लीप वर्ष, कधी चंद्राच्या कला, हे सगळे ती दाखवतात. असे घड्याळ काही महिने थांबले तर ते पुन्हा लावणे हे नाजूक काम असते. साध्या तारीख-वाराच्या घड्याळाला तसे काही नाही. तीसदिवसीय महिने आणि फेब्रुवारी धरून वर्षातून पाच वेळा तारीख तशीही हाताने पुढे करावीच लागते. एवढे पाळावे, की रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख पटकन बदलायला जाऊ नये. त्या वेळी तारखेचे चाक सरकवणारे दाते एकमेकांत अडकलेले असतात आणि जबरदस्तीने तुटू शकतात.

पुतण्याची मुख्य भीती वेगळी होती. घड्याळ बंद ठेवले तर ते कायमचे खराब होईल, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. या भीतीतही जुना अनुभव आहे. पूर्वी घड्याळांना प्राणिज तेले घालत. पॉरपॉइज या समुद्री प्राण्याच्या जबड्यातले तेल तर घड्याळांसाठी नावाजलेले होते. अशी तेले काळाने घट्ट होत, तेव्हा घड्याळ चालते ठेवलेले बरे असे म्हणत. आजची कृत्रिम तेले तशी लवकर चिकट होत नाहीत. उलट तेल वाळले असताना घड्याळ रात्रंदिवस फिरवत ठेवले तर धातूवर धातू घासतो. थांबलेले घड्याळ झिजत नाही. बॅटरीचे घड्याळ मात्र तसेच विसरून ठेवू नये. जुनी बॅटरी आत पाझरते. म्हणून ते ठेवून द्यायचे तर बॅटरी काढून ठेवावी. ऑटोमॅटिक घड्याळ कोरड्या जागी, चुंबकापासून दूर, निवांत पडू द्यावे.

तरीही मी ते खोके आठ दिवस लावून पाहिले. दोन्ही दिशा, ६५० वेढे. घड्याळ छान चालले. मधे वीज दोन-तीनदा गेली, पण कमानीत साठा असल्याने काही तासांनी फरक पडत नाही. रात्री अंधारात ती गादी फिरताना हलका आवाज येई. मनगटी घड्याळाला चालायला लागणारी शक्ती इतकी थोडी आहे, की ती वॉटच्या दशलक्षांश भागांत सांगावी लागते. ती पुरवायला त्या खोक्याची मोटार काही वॉट वीज घेत होती. आमच्या परळीत विजेचा प्रश्न नुसता बटणाचा नसतो. इथले औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासूनचे. त्याची धुराडी लांबून दिसतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळाने पाणी संपले आणि ते केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या जुलैपासून पुन्हा तेच झाले. आपोआप फिरणारे खोके विजेवर, वीज कोळशावर आणि पाण्यावर, पाणी पावसावर. भास्कराचार्यांच्या शब्दांत सांगायचे तर ही पेटीही सापेक्षच, आणि हातापेक्षा कितीतरी जास्त.

नवव्या दिवशी मी घड्याळ काढून वहिनींकडे घेऊन गेलो. श्राद्धाच्या आदल्या दिवशी ते का चालले, तेही त्यांना सांगितले. थांबलेल्या घड्याळाच्या कमानीत थोडा ताण उरलेला असतो, पण घर्षणावर मात करण्याइतका नसतो. त्यांनी पुसताना ते वळवले, रोटरने दोन-चार वेढे घेतले, कमानीला तेवढी भर पडली आणि बॅलन्सला धक्का मिळाला. दहा मिनिटांत ती भर संपली. मला वाटले होते, हे ऐकून त्यांना वाईट वाटेल. त्यांनी घड्याळ हातात घेऊन दोन वेळा वळवले, काटा चालला, तो पाहिला. मग विचारले, "म्हणजे तेव्हा ते उजव्या हाताला बांधलं असतं तर?"

"चाललं असतं."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना कळायला पाहिजे होतं. त्यांना वाटायचं, आपल्यासोबत तेही गेलं."

दिवाळीत पुतण्या आला तेव्हा मी त्याला हे सगळे सांगितले. तो थोडा वरमला, कारण खोके स्वस्त नव्हते. वहिनींनी घड्याळ त्याच्या मनगटाला बांधले. पट्टा सैल होत होता, दोन कड्या काढाव्या लागल्या. त्याने वार अरबीतच राहू दिला आहे. त्याला तो वाचता येत नाही. तो दिवसभर संगणकासमोर बसतो, कळफलकावर बोटे हलतात पण मनगट फारसे वळत नाही. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार घड्याळ कधीकधी थांबते आणि मग तो ते आडवे धरून वीस-तीस वेळा गोल हलवतो, तेवढ्याने चालू होते. खोके त्याने परत नेले. मित्राकडे तीन घड्याळे आहेत, तिथे ते उपयोगी पडते आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे घड्याळ असेल तर एवढेच करावे. मागच्या झाकणावर किंवा तबकडीवर 'ऑटोमॅटिक' लिहिले आहे का ते पाहावे. ते घालणारे माणूस आजारी असेल, अंथरुणावर असेल किंवा वयामुळे हात कमी हलत असेल आणि घड्याळ मागे पडू लागले, थांबू लागले, तर ते दुरुस्तीला नेण्याआधी त्या माणसाच्या हाताकडे पाहावे. दुसरा हात चालत असेल तर घड्याळ त्या हाताला बांधावे. दोन्ही हात थकले असतील तर घरातल्या कुणीतरी रोज दोन मिनिटे ते हलवून परत बांधावे. आणि घड्याळ का थांबत होते, हे त्या माणसाला सांगावे.